स्टालिनच्या काळातली ध्रुववीरांची लाट : लोकांचे प्रेम खरे किती आणि सरकारने घडवलेले किती?

आंजर्लेकर

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेतले एक पुष्प यंदा माझ्याकडे आले आहे आणि मी विषय घेतला आहे तो १९३० च्या दशकातल्या सोव्हिएत ध्रुवमोहिमांचा. श्रोत्यांत निम्मी हायस्कुलातली मुले आणि निम्मे पेन्शनर असतात. पेन्शनरांपैकी बऱ्याच जणांनी तरुणपणी मॉस्कोत छापलेली, चांगल्या कागदाची आणि नाममात्र किमतीची मराठी पुस्तके वाचलेली आहेत. त्यांतली काही आमच्या कपाटात अजून आहेत. पावसाळी हवेने पाने एकमेकांना चिकटली आहेत, पण चित्रे शाबूत आहेत. बर्फावर उतरणारी विमाने आणि दाढीवाले शास्त्रज्ञ यांच्याविषयी त्या पिढीच्या मनात एक हळवा कोपरा आहे, आणि माझ्याही मनात तो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझी अडचण अशी आहे. 'चेल्युस्किन' हे जहाज १३ फेब्रुवारी १९३४ रोजी चुक्ची समुद्रात बर्फाच्या दाबाने फुटून बुडाले. १०४ माणसे बर्फावर उतरली, तिथेच तळ ठोकून राहिली, आणि १३ एप्रिलपर्यंत त्या सर्वांची विमानांनी सुटका झाली. जहाज ठरल्या ठिकाणी पोहोचलेच नाही, म्हणजे हिशेबाने पाहिले तर मोहीम फसली. तरीही मॉस्कोत त्यांचे न भूतो असे स्वागत झाले आणि 'सोव्हिएत संघाचा वीर' हा देशातला सर्वोच्च किताब याच प्रसंगातून जन्माला आला. पुढे १९३७ मध्ये पापानिन आणि त्यांचे तीन सहकारी उत्तर ध्रुवाजवळच्या हिमतुकड्यावर राहू लागले, तेव्हा तर देशभर धरपकड आणि गोळीबार चालू होता; तरी वर्तमानपत्रे ध्रुवाच्या बातम्यांनी भरून वाहत होती.

तेव्हा विचारायचे ते असे, की बुडालेल्या जहाजाचा उत्सव होतो तरी कसा, आणि सामान्य माणूस त्यात मनापासून भारावला होता की भारावल्याचे दाखवणे त्याला भाग होते? मुलांसमोर ते साहस खोटे ठरवायची माझी इच्छा नाही आणि पेन्शनरांसमोर स्टालिनची आरती ओवाळायची तर मुळीच नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.


तांडेल_दाभोळ

आंजर्लेकर, माझी सारी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, त्यामुळे स्टालिनविषयी इतरांनी बोलावे. मी जहाजाविषयी बोलतो, कारण ते जहाज नीट समजल्याशिवाय पुढचा उत्सव समजणार नाही.

रशियाच्या उत्तर किनाऱ्याने, थेट बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत, एकाच मोसमात जाण्याची कामगिरी १९३२ साली 'सिबिर्याकोव्ह' या बर्फफोड्या जहाजाने पहिल्यांदा केली. तीही कशी, तर शेवटच्या टप्प्यात बर्फाशी झुंजताना पंखाच गमावला, आणि मग माणसांनी ताडपत्रीची शिडे उभारून ते धूड पुढे रेटले. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला यातली जिद्द वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात उत्तर सागरी मार्गासाठी स्वतंत्र खाते निघाले. 'ग्लावसेवमोर्पुत' हे त्याचे नाव, आणि हे संक्षिप्त रूप आहे बरे का! प्रमुखपदी ऑटो श्मिट आले. हे गृहस्थ पेशाने गणिती, सोव्हिएत महाकोशाचे मुख्य संपादक, आणि छातीवर रुळणाऱ्या दाढीमुळे व्यंगचित्रकारांचे लाडके. या मार्गाने साधे मालवाहू जहाजसुद्धा जाऊ शकते, हे त्यांना १९३३ मध्ये सिद्ध करून दाखवायचे होते, आणि त्यासाठी 'चेल्युस्किन' निवडले गेले.

हे जहाज कोपनहेगनला बांधलेले, सुमारे साडेसात हजार टन विस्थापनाचे. बर्फासाठी त्याला जादा मजबुती दिलेली होती, तरी मुळात ते मालवाहूच. बर्फफोड्या जहाजाचे पोट मुद्दाम गोलसर ठेवतात, म्हणजे दोन्हीकडून बर्फ आवळू लागला की जहाज चिरडण्याऐवजी वर उचलले जाते. मालवाहू जहाजाच्या बाजू उभ्या असतात, तिथे हा बचाव चालत नाही. कॅप्टन व्होरोनिन यांनी जहाज पाहताच त्याच्या फासळ्यांविषयी नापसंती दाखवली होती. तरीही नोव्हेंबर १९३३ मध्ये ते बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत पोहोचले, मोकळे पाणी अवघ्या काही मैलांवर राहिले, आणि तिथून बर्फाच्या प्रवाहाने त्याला उलट उत्तरेकडे ओढून नेले. पुढचे तीन महिने जहाज जहाज राहिलेच नव्हते. बर्फ नेईल तिकडे ते जात होते.

तेरा फेब्रुवारीचा दिवस मुलांना सविस्तर सांगा. जहाज कधी ना कधी फुटणार हे ओळखून अन्न, तंबू आणि गरम कपडे आधीच डेकवर काढून ठेवलेले होते, म्हणून डावी बाजू फाटल्यावर सुमारे दोन तासांत बरेचसे सामान बर्फावर उतरवता आले. शेवटच्या क्षणी कोठाराचे काम पाहणारे बोरिस मोगिलेविच घसरत्या मालाच्या तडाख्यात सापडले. प्राणहानी तेवढी एकच. बर्फावरच्या १०४ जणांत दहा स्त्रिया आणि दोन लहानग्या मुली होत्या, त्यांतली एक तर वाटेत कारा समुद्रात जन्मलेली, म्हणून तिचे नाव कारिना. जहाज तळाला गेल्यावर त्यावरचे लाकूड सुटून वर आले, ते गोळा करून त्यांनी बराक बांधली. बाहेरच्या जगाशी संबंध राहिला तो अर्न्स्ट क्रेंकेल यांच्या रेडिओमुळे.

या दोन महिन्यांतले खरे कष्ट विमानपट्टीचे होते, आणि ते चित्रात कधी येत नाहीत. बर्फाचे उंचवटे पहारी आणि फावडी घेऊन सपाट करायचे, फोडलेले ढेकळे घसरगाड्यांवरून ओढून दूर टाकायची, पट्टी जरा विमान उतरण्याजोगी झाली की रात्रीतून तिला भेग पडायची किंवा बर्फ एकावर एक चढून बसायचा; मग दुसरी जागा शोधायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पलीकडे किनाऱ्यावरून उडणारा ल्यापिदेव्स्की तब्बल २८ वेळा हात हलवत परत गेला होता. ५ मार्चला तो उतरला आणि सगळ्या स्त्रिया आणि दोन्ही मुली यांना घेऊन गेला. बाकीच्यांना आणखी महिनाभर थांबावे लागले.

माझ्यापुरते मत सांगतो. जहाजाची निवड चुकली होती आणि उत्सवाने ती चूक झाकली. बर्फावरची शिस्त मात्र कोणी रचलेली नव्हती. तशी शिस्त मॉस्कोहून तारेने पाठवता येत नाही.


सुरंगी

तांडेलांनी जहाज स्पष्ट केले, आता उत्सवाकडे वळते. इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले आणि टपाल तिकिटांचा नाद अजून सुटलेला नाही, त्यामुळे थोडे लांबेल.

उत्सवाचे मूळ १९२८ मध्ये आहे. २५ मे रोजी इटलीचे 'इटालिया' हे वायुजहाज उत्तर ध्रुवावरून परतताना कोसळले. वाचलेल्यांना शोधायला अनेक देशांची पथके गेली, पण तंबूत उरलेल्यांना १२ जुलैला उचलून आणले ते 'क्रासिन' या सोव्हिएत बर्फफोड्याने. तोपर्यंत अमेरिकेने सोव्हिएत सरकारला मान्यताही दिलेली नव्हती, आणि इकडे जगभरची वर्तमानपत्रे त्या सरकारच्या जहाजाची स्तुती करत होती. ध्रुवावर झेंडा रोवणाऱ्याचे कौतुक त्याच्या देशात होते, माणसे वाचवणाऱ्याचे मात्र शत्रूच्या देशातही होते. हा धडा मॉस्कोत कोणी विसरले नाही.

म्हणून १९३४ साली बातमी 'जहाज बुडाले' अशी फार काळ राहिलीच नाही. ती 'आपली माणसे परत आणायची आहेत' अशी झाली. कुइबिशेव यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी आयोग बसला. क्रेंकेल यांच्या रेडिओमुळे रोज ताजी हकिगत येत होती, आणि आज विमान उतरले का, पट्टी टिकली का, हे कळण्यासाठी वाचक दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहत होता. क्रमशः कादंबरीला जी ओढ असते ती इथे आयती मिळाली, आणि तीही खऱ्या माणसांच्या जिवावर. बर्फावर आर्कादी शाफ्रान नावाचा छायाचित्रकार होता. जहाज पाण्याखाली जाताना तो कॅमेऱ्याचा दांडा फिरवत उभा होता, आणि तो चित्रपट त्याच वर्षी लोकांनी पाहिला. १६ एप्रिलला किताब निर्माण झाला, २० तारखेला तो सात वैमानिकांना मिळाला, आणि बर्फावरच्या मंडळींनाही पदके दिली गेली. व्लादिवोस्तोकपासून त्यांची आगगाडी स्टेशनास्टेशनांवर हारतुरे स्वीकारत निघाली ती १९ जूनला मॉस्कोत पोहोचली.

या सगळ्या धामधुमीत एक प्रश्न बेपत्ता झाला, तो म्हणजे हे जहाज त्या समुद्रात पाठवले कोणी. आणीबाणीतला वर्तमानपत्राचा कोरा अग्रलेख माझ्या पिढीने पाहिला आहे, त्यामुळे सेन्सॉर म्हटले की आम्हाला कोरी जागा आठवते. इथे कोरी जागा कुठेच नव्हती. पाने भरगच्च होती, छापलेले बहुतेक खरेही होते, आणि तो प्रश्न विचारायला त्यांत जागा उरली नव्हती.

लोकांचे प्रेम खरे होते का, याला माझ्याकडे तीन पुरावे आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशांचे आहेत. कवयित्री मरीना त्स्वेतायेवा तेव्हा पॅरिसजवळ निर्वासित म्हणून राहत होती, मॉस्कोच्या वर्तमानपत्रांचा तिच्यावर काही जोर नव्हता, आणि तरीही तिने १९३४ मध्ये या लोकांवर गौरवपर कविता लिहिली. दुसरा पुरावा मुलांच्या नावांचा. 'ओयुश्मिनाल्द' असे नाव त्या काळात ठेवले गेले, आणि ते 'ऑटो युल्येविच श्मिट हिमखंडावर' या शब्दांचे तुकडे जोडून केलेले आहे. सरकारने अशी नावे ठेवा म्हणून फर्मान काढले नव्हते. आईबापांनीच हा उपद्व्याप केला आणि त्या पोराने तो जन्मभर निभावला असेल. तिसरा पुरावा विडंबनाचा. 'मुर्का' या गुन्हेगारी वस्त्यांमधल्या गाण्याच्या चालीवर चेल्युस्किनचे एक गाणे तोंडोतोंडी फिरत होते. त्यात वैमानिकांना नावे घेऊन रामराम आहे, आणि कॅप्टनने जहाज घालवले, आता बक्षिसे घ्या, असा उघड टोमणा आहे. म्हणजे जो प्रश्न वर्तमानपत्रातून बेपत्ता होता तो गाण्यात जिवंत होता. आपल्याकडच्या जाखडीत शाहीर गावच्या पुढाऱ्याला देवाच्या नावानंतर लगेच चिमटा काढतो, तसाच हा प्रकार. गंमत अशी, की ज्या गोष्टीवर लोकांचा जीव नाही तिचे विडंबन टिकत नाही. हे गाणे टिकले.

तिकिटांविषयी एक सांगते, कारण ते मुलांना दाखवता येईल. १९३५ च्या सुरुवातीला चेल्युस्किनच्या सुटकेवर दहा तिकिटांचा संच निघाला, त्यांतल्या एकावर वैमानिक लेवानेव्स्कीचा चेहरा आहे. त्याच उन्हाळ्यात तो मॉस्कोहून ध्रुवावरून सॅन फ्रान्सिस्कोला उडणार होता, म्हणून त्या दहा कोपेकच्या तिकिटावर लाल अक्षरांत त्या उड्डाणाचा मजकूर आणि एक रूबल ही नवी किंमत छापली गेली. ३ ऑगस्टला विमान उडाले, तेल गळू लागले आणि ते मधूनच परत आले. तिकिटे मात्र विजयाचा मजकूर घेऊन तयार होती आणि आज संग्राहक त्यांच्यासाठी भरमसाट पैसे मोजतात. उत्सव आधी छापायचा आणि घटना मागाहून घडवायची, या पद्धतीचा इतका नेटका नमुना मला दुसरा माहीत नाही. माझ्या आल्बममध्ये साधे, लाल छाप नसलेले तिकीट आहे, तेही कडेने पिवळे पडलेले. हवे असल्यास त्याचा फोटो पाठवीन.


सडेकर

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. मला ही फार मवाळ मांडणी वाटते. हे सारे नाटक होते आणि लोकांना भुलवण्यासाठीच होते. चेल्युस्किनच्या मागोमाग 'पिझ्मा' नावाचे दुसरे जहाज हजारो कैदी घेऊन चालले होते आणि ते मुद्दाम बुडवले गेले, असे मी वाचलेले आहे. ज्या सरकारने हे केले त्याच्या बर्फावरच्या शौर्यकथा मुलांना सांगाव्यातच कशाला?


खारेपाटणकर

सडेकर, 'पिझ्मा'ची कथा सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर रशियन वर्तमानपत्रांतून पसरली, आणि अभ्यासकांनी तिचा माग काढला तेव्हा अशा जहाजाचा ना बांधणीचा कागद मिळाला, ना बंदरातली नोंद. ती व्याख्यानात घेऊ नये. तसे करण्याची गरजही नाही, कारण ज्याची नोंद आहे तेच पुरेसे भयंकर आहे, आणि ते याच खात्याच्या कारभारात गुंतलेले आहे.

नोरिल्स्कचे उदाहरण घ्या. तिथल्या निकेलच्या साठ्याचे काम आधी ग्लावसेवमोर्पुतकडे होते. जून १९३५ मध्ये ते गुप्त पोलीस खात्याकडे सोपवले गेले आणि शहर उभे राहिले ते कैद्यांच्या श्रमांवर. वोर्कुताच्या कोळशाची आणि कोलिमाच्या सोन्याची गोष्ट अशीच आहे. उत्तरेचा तोच बर्फ, तीच थंडी. एकीकडे हवामानाची नोंद घेणारा तरुण शास्त्रज्ञ वर्तमानपत्रात झळकतो आणि दुसरीकडे खाणीत उतरणाऱ्याचे नावसुद्धा छापायची बंदी आहे. चित्रपटांत, कादंबऱ्यांत आणि पोस्टरांवर जी उत्तर दिसत होती ती फक्त पहिली.

आता ध्रुववीरांचेच पुढे काय झाले ते पाहा. सुरंगीताईंनी 'क्रासिन'चा उल्लेख केला. त्या मोहिमेचे प्रमुख रुदोल्फ समोयलोविच हे देशातले अग्रगण्य ध्रुवशास्त्रज्ञ. त्यांना १९३८ मध्ये अटक झाली आणि मार्च १९३९ मध्ये गोळी घातली गेली. 'इटालिया'च्या लोकांचा क्षीण संदेश ३ जून १९२८ रोजी ज्याने एका आडगावात घरगुती रेडिओवर सर्वांत आधी पकडला, तो हौशी रेडिओवाला निकोलाय श्मिट १९४२ मध्ये ताश्कंदला मारला गेला. १९३७ च्या मोसमात दोन डझनांहून अधिक जहाजे बर्फात अडकून पडली, तेव्हा दोष हवामानाचा आणि अवाजवी घाईचा होता, पण शोध सुरू झाला तो घातपात्यांचा, आणि खात्यातली माणसे एकामागून एक उचलली गेली. ऑटो श्मिट वाचले, पण १९३९ मध्ये त्यांच्या खुर्चीवर पापानिन बसले होते.

पापानिन यांच्याविषयी पेन्शनर मंडळींना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते शास्त्रज्ञ नव्हते. यादवी युद्धाच्या काळात ते क्रायमियात चेकाचे, म्हणजे त्या वेळच्या गुप्त पोलिसांचे, अधिकारी होते. विज्ञानाचे काम शिर्शोव आणि फ्योदोरोव करत, रेडिओ क्रेंकेल सांभाळत, आणि पापानिन तळ चालवत, स्वयंपाकही पाहत. आणि काम अस्सल झाले, हेही तितकेच खरे. ध्रुवाजवळ समुद्राची खोली ४,२९० मीटर असल्याचे त्यांनी मोजले. ध्रुवाकडचा बर्फ दक्षिणेकडे किती वेगाने सरकतो हे त्यांच्या २७४ दिवसांच्या प्रवासाने प्रथमच नीट कळले. १९ फेब्रुवारी १९३८ रोजी 'ताइमिर' आणि 'मुर्मान' या जहाजांनी त्यांना ग्रीनलंडच्या समुद्रातून उचलले, तेव्हा मूळचा भला मोठा हिमतुकडा फुटत फुटत अगदी लहान उरला होता.


सुरंगी

खारेपाटणकरांच्या प्रतिसादाला जोडून तारखा देते. फळ्यावर त्या शेजारी शेजारी लिहाव्यात. ६ जून १९३७ रोजी ध्रुवावरचे स्थानक रीतसर सुरू झाले. ११ जूनला मार्शल तुखाचेव्स्की आणि इतर सेनाधिकाऱ्यांवर बंद दाराआड खटला चालला आणि त्याच रात्री त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. १८ जूनला चकालोव, बाइदुकोव आणि बेल्याकोव हे तिघे मॉस्कोहून ध्रुवावरून अमेरिकेला निघाले आणि २० तारखेला तिथे उतरले. पुढच्या वर्षी १५ मार्चला पापानिन मंडळी 'येर्माक' जहाजातून लेनिनग्राडला पोहोचली. त्याच दिवशी बुखारिन या एकेकाळच्या बड्या बोल्शेविक नेत्याला गोळी घातली गेली. १७ मार्चला मॉस्कोत पापानिनांवर कागदी फुलांचा आणि पत्रकांचा वर्षाव झाला.

यावरून 'ध्रुवाचा पडदा लावून खून लपवले' असे म्हणण्याचा मोह होतो आणि बरेच जण तसे म्हणतात. मला ते पटत नाही, कारण बुखारिन यांचा खटला लपवलेला नव्हता. तो रोज पानेच्या पाने भरून छापला जात होता. वीर आणि देशद्रोही एकाच अंकात, एकाच वाचकासाठी होते. घराचा कर्ता कसा असावा याचे ते एकच चित्र होते : बर्फात सापडलेल्या लेकरासाठी विमाने पाठवणारा आणि घरभेद्याला माफ न करणारा. ध्रुववीर मॉस्कोत परतल्यावर कॅमेऱ्यासमोर स्टालिन त्यांना मिठीत घेतो, ती मिठी त्या चित्राचा अर्धा भाग. म्हणून ध्रुवाची गोष्ट सांगताना खटल्यांची सांगितली नाही तर ती अपुरी राहते, सडेकरांच्या मताशी मी एवढ्यापुरती सहमत आहे.

लेवानेव्स्कीचे शेवटी काय झाले ते तिकिटाबरोबर सांगा. १२ ऑगस्ट १९३७ रोजी तो पाच सहकाऱ्यांसह पुन्हा ध्रुवावरून अमेरिकेकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी नाहीसा झाला. मोठा शोध झाला, काहीच सापडले नाही, आणि वर्तमानपत्रे हळूहळू दुसरीकडे वळली.


वास्कोची_संध्या

या धाग्यावर इटलीचा उल्लेख ओझरता आला आहे, पण आंजर्लेकरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच आहे असे मला वाटते, कारण इटलीतही तेव्हा मुसोलिनीचीच सत्ता होती.

प्रसंग जवळजवळ तसाच होता. ध्रुवीय बर्फ, फुटलेले वाहन, लाल रंग फासलेला तंबू, एका छोट्या रेडिओवर टांगलेले जीव. जखमी सेनापती उंबेर्तो नोबिले यांना स्वीडिश वैमानिक लुंडबोर्ग याने सर्वांत आधी उचलले, कारण तसाच आपल्याला आदेश आहे असे तो म्हणाला. पुढे हेच निमित्त झाले. माणसांना सोडून सेनापती आधी पळाला, असे म्हणून फॅसिस्ट सरकारने हात झटकले. चौकशी समितीने १९२९ मध्ये सारा दोष नोबिले यांच्यावर ठेवला आणि त्यांनी हवाई दलाचा राजीनामा दिला. पण रोमला ते परतले तेव्हा स्टेशनावर लोटलेली प्रचंड गर्दी त्यांचा जयजयकार करत होती. सरकारने पुसलेले नाव लोकांनी उचलून धरले होते. नोबिले पुढे १९३१ मध्ये कुठे गेले म्हणता, तर सोव्हिएत संघात, वायुजहाजे बांधायला!

म्हणजे दोन हुकूमशाह्या, दोन्हींची वाहने बर्फात गेली, आणि एकीने फसलेल्यांना डोक्यावर घेतले तर दुसरीने त्यांना वाळीत टाकले. फरक शौर्यात नव्हता. मुसोलिनीला अजिंक्य पुरुष हवा होता आणि त्याला परक्यांनी, तेही कम्युनिस्टांनी, वाचवावे ही नामुष्की होती. मॉस्कोला मात्र वाचवणारे हात दाखवायचे होते, मग वाचवण्यासाठी कोणीतरी संकटात असणे सोयीचेच ठरले.

जर्मनीचाही एक तुकडा सांगते, कारण तो आपल्या दाराशी येतो. १९३८-३९ मध्ये नाझी जर्मनीने 'श्वाबेनलांड' नावाचे जहाज अंटार्क्टिकाला पाठवले. हेतू देवमाशांच्या शिकारीचा, म्हणजे चरबीचा आणि तेलाचा. त्यांच्या विमानांनी बर्फावर स्वस्तिकाची खूण असलेले धातूचे भाले टाकले. त्यातल्या एका वैमानिकाचे नाव शिर्माकर किंवा शिर्माखर असे वेगवेगळ्या तऱ्हेने आपल्याकडे लिहितात. त्याने पाहिलेल्या बर्फमुक्त खडकाळ पट्ट्याला त्याचे नाव मिळाले, आणि आपले 'मैत्री' स्थानक आज त्याच पट्ट्यात आहे. शेजारी १९६१ पासूनचे सोव्हिएत, आता रशियन, स्थानक. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी आमच्या गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली, आणि देशाच्या ध्रुवीय संशोधनाचे केंद्र आज वास्कोलाच आहे. आपल्या मोहिमांनी भाड्याने घेतलेल्या रशियन जहाजांपैकी एकाचे नाव 'इव्हान पापानिन' होते. मुलांना नकाशावर एवढे दाखवले तरी त्यांना विषय परका वाटणार नाही.


आंजर्लेकर

सर्वांचे आभार. अपेक्षेपेक्षा बरेच अधिक हाती लागले. सडेकरांचा मुद्दाही मी सोडणार नाही. नोरिल्स्क आणि समोयलोविच व्याख्यानात येतील, 'पिझ्मा' येणार नाही.

आराखडा साधारण असा धरतो आहे, की आधी बर्फावरची विमानपट्टी, मग आगगाडीचा जल्लोष, मग सुरंगीताईंच्या तारखा, आणि शेवटी नोबिले. एकच शंका उरते. पुस्तके वाचलेली मंडळी मला नक्की विचारतील, की इतके सगळे माहीत झाल्यावर आम्ही तेव्हा जे आवडीने वाचले ते टाकून द्यायचे का? यावर कोणी काही सुचवील काय?


सुरंगी

त्यांना कावेरिनच्या 'दोन कॅप्टन' या कादंबरीचे उदाहरण द्या. पहिला भाग ऐन १९३८ ते १९४० मध्ये लिहिला गेला आणि पुढे १९४६ मध्ये तिला स्टालिन पारितोषिकही मिळाले, म्हणजे सरकारमान्यतेत काही कसूर नाही. पण कथानक काय आहे? झारच्या काळात उत्तरेत हरवलेल्या एका कॅप्टनला त्याच्याच जवळच्या माणसाने दगा दिला, आणि एक मुलगा मोठा होऊन, वैमानिक होऊन, जुनी पत्रे जुळवत ते सत्य शोधून काढतो. ज्या वर्षांत भोवताली खोट्या कबुलीजबाबांवर माणसे मारली जात होती, त्या वर्षांत वाचकांनी डोक्यावर घेतले ते खोटा आळ पुसणाऱ्या नायकाला. लेखकाने हे जाणून केले की नकळत, यावर वाद घालता येईल. वाचकांना ते भावले यावर वाद नाही. राजवट गेली, तरी रशियात ती कादंबरी आजही वाचली जाते.

तेव्हा पुस्तके टाकू नका, उलट व्याख्यानाच्या दिवशी टेबलावर मांडा. चिकटलेली पाने मात्र ओढून सोडवू नका. उन्हात न ठेवता, सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस उघडी ठेवा आणि मग पातळ पट्टी घालून अलगद सोडवा. तिकिटाचा फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवते.


तांडेल_दाभोळ

तारीख कळवा. दाभोळहून फेरी धरून यायला मला अडचण नाही, आणि बर्फफोड्या जहाजाच्या पोटाची आकृती मी पुठ्ठ्यावर काढून आणतो.